दोन अर्थिंगांमधली तार

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, दुकानातल्या माणसांना नाही, आणि रोज सकाळी रेडिओवर भेटणाऱ्या आमच्या मंडळींना तर नाहीच. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा ज्यांना सांगायला हवं होतं ते आता ऐकू शकत नाहीत, म्हणून.

सुरुवात कामाच्या गोष्टीपासून करते. मला तसंच बोलता येतं.

बारामतीत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जोडीला मी अर्थिंगची कामं घेते – बंगले, दवाखाने, दूध डेअऱ्या. आणि मी हॅम आहे. सरकारी परवाना काढून, स्वतःच्या घरातून, निव्वळ हौसेखातर वायरलेसवर बोलणाऱ्यांना हॅम म्हणतात. आता हॅम आणि वर अर्थिंगवाली म्हटल्यावर लोक मलाच फोन करणार. "ताई, सेटला हात लावला की झिणझिण्या येतात." "ताई, गच्चीवर अँटेना चढवली, आता आई म्हणते घरावर वीज पडेल." मी न कंटाळता सांगते. काळ्या मातीत रॉड लोण्यासारखा जातो, पण उन्हाळ्यात तीच माती भेगाळते आणि रॉडला सोडते, म्हणून खड्ड्यात पाणी घालत जा. गंजलेला क्लॅम्प घासत बसू नका, बदला. बोलणं झालं की अँटेनाची केबल सेटमधून काढून ठेवा, आभाळ कितीही स्वच्छ असो. आणि सगळ्यात महत्त्वाचं – घराचं अर्थिंग आणि रेडिओचं अर्थिंग सुटं ठेवू नका. जाड तांब्याच्या तारेनं जमिनीखालून एकमेकांना जोडा. जोडलेलं नसलं आणि जवळ कुठे वीज पडली, तर घराच्या या टोकाची जमीन आणि त्या टोकाची जमीन यांच्यात क्षणभर प्रचंड दाब तयार होतो. तो दाब मधली वाट शोधतो. मधली वाट म्हणजे तुमचा सेट. तुमचं टेबल. कदाचित तुमचा हात.

हे मी इतक्या वेळा सांगितलं आहे की झोपेतही सांगेन. तरीही तो शेवटचा मुद्दा मी नेहमी घाईघाईनं उरकते.

मला या छंदात आणलं तात्यांनी. तात्या बावड्याचे. पाटबंधारे खात्यात वायरलेस ऑपरेटर होते. धरणाचं पाणी, कालव्याचं पाणी, कुठे किती चढलं ते कळवत त्यांची नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर परवाना काढून घरीच सेट मांडला. मी त्यांच्या शेजाऱ्यांची पाण्याची मोटार बांधून द्यायला गेले होते, तेव्हा त्यांच्या खिडकीतून टिकटिक ऐकू आली आणि मी विचारलं, हे काय? बस्स. पुढे प्रत्येक रविवारी बारामतीहून बावड्याला. ताटावर चमचा वाजवून त्यांनी मला मोर्स शिकवलं. मला ते 'मिस्त्री' म्हणायचे. चुकले की, "मिस्त्री, मोटार बांधतीस का जांभया देतीस?" परवाना हातात आला तेव्हा मी पेढे घेऊन गेले, तर म्हणाले, "पेढं र्‍हाऊ दे. आदी अर्थिंग कसं करनार ते सांग." माझी पहिली तोंडी परीक्षा ती.

तात्यांची एक पद्धत होती. बोलणं संपलं की केबल काढायची आणि तिचं टोक लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीत सोडायचं. बरणी खिडकीत. चिनी मातीतून वीज जात नाही, म्हणून जुने ऑपरेटर असं करायचे. त्यांची सून चेष्टा करायची – "आमच्याकडं कैरी फडताळात आन केबल बरणीत." पण तात्यांनी कधी चुकवलं नाही. जेवणाआधी हात धुवावेत तसं.

आता येते मुद्द्यावर. की अजून लांबवते आहे? थोडं लांबवते आहे.

तात्यांच्या मुलानं घर वाढवलं तेव्हा रेडिओची खोली मागच्या बाजूला गेली. तिथे नवीन अर्थिंग हवं होतं. मी म्हटलं, मी करते. गुरूचं काम. रॉड ठोकला, मीटर लावून पाहिलं, उत्तम आलं. राहिलं होतं ते एकच – मागचा हा रॉड आणि पुढे लाईटच्या मीटरपाशी असलेलं घराचं अर्थिंग, यांच्यामधली तार. पुढच्या अंगणात मुलानं नुकत्याच फरश्या बसवल्या होत्या. त्या उचकटायच्या नाहीत म्हटल्यावर घराला वळसा घालून चर खणायचा. आणलेली तार पुरेना. बारामतीत एका दवाखान्याचं मोठं काम सुरू होतं, तिथून सारखे फोन. मी दोन्ही टोकांवर माती ओढली. पायानं दाबली.

तात्या चहा घेऊन आले. "मिस्त्री, दोन्ही जोडलंस का?"

"व्हय तात्या. जोडलं."

एवढंच. या एका शब्दाला कोणी साक्षीदार नव्हतं आणि नंतरही नसणार होता. अर्थिंग पुरल्यावर ते कोणी उकरून बघत नाही. माझा सगळा धंदा त्यावर चालतो – लोक माझ्या शब्दावर माती टाकतात.

तात्यांनी पुढचं विचारलं. बावड्याला लाईट घडोघडी जाते, म्हणून सेट बॅटरीवर होता आणि बॅटरीला चार्जर. "मग चार्जर कायमचा लावून ठिवू का?" मी म्हटलं, ठेवा बिनधास्त, दोन्ही जोडलेत, काळजी नाही.

पुढच्या खेपेला तार घेऊन जाईन, असं मनात होतं. होतं – पण त्याला काय किंमत आहे? त्यानंतर कितीदा तरी गेले. चहा प्यायले. तात्या उन्हाळ्यात सकाळी डबा घेऊन त्या रॉडच्या खड्ड्यात पाणी घालायचे, मी शिकवलं होतं तसं, आणि मी ओसरीवर बसून बघायचे. तार न्यायची म्हणजे चर खणायचा. चर खणायचा म्हणजे सांगायचं, की मी तुम्हाला खोटं सांगितलं. प्रत्येक खेपेला ते थोडं जड व्हायचं. मी जड वस्तू उचलत नाही, ढकलते.

वैशाखात, दुपार कलताना, वळवाचा पाऊस आला आणि घराशेजारच्या विजेच्या खांबावर वीज कोसळली. तात्या ओसरीवर होते. आत चार्जर फुटला, पडद्यानं पेट घेतला, पडद्यावरून गादीनं. त्याच गादीवर सुनेनं बाळाला झोपवलं होतं. गडगडाट सुरू झाला म्हणून, घाबरेल म्हणून, तिनं बाळाला उचललं होतं – नुकतंच. बाळ आणि आग यांच्यामध्ये एवढंच आलं. गल्लीतल्या लोकांनी पाणी मारून, सगळं ओढून बाहेर फेकून आग विझवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले. खोलीच्या दारात निम्मी गल्ली. तात्यांचा मुलगा कारखान्याला सुट्टी टाकून बसला होता. रात्रभर झोपला नव्हता, दिसत होतं. मला म्हणाला, "ताई, तुमीच बघा आन तुमीच सांगा. तात्या म्हंत्यात केबल काढली हुती. मग आग लागली कशी?"

तात्या बाजूला उभे. शर्टाला काजळी. ठाम होते. "काढली हुती. बरणीत घातली हुती."

बरणीचे तुकडे ओल्या गादीखाली होते. केबल कोणीतरी ओढून अंगणात फेकली होती. म्हणजे डोळ्यांना दिसेल असा पुरावा कुठलाच नाही. पुरावा होता तो फक्त मला वाचता येणारा. मी सेट मांडीवर घेतला, स्क्रू काढले. सगळे माझ्या हातांकडे बघत होते. अँटेना जिथे लागते ते सॉकेट – लख्ख. डाग नाही. केबलच्या टोकाची पिन – लख्ख. आणि मागची बाजू, जिथे बॅटरी आणि चार्जरची वायर येते, तिथून आतपर्यंत कोळसा. वीज अँटेनातून आलीच नव्हती. ती घराच्या लाईटमधून आली, चार्जरमधून घुसली, सेटमधून गेली आणि मागच्या रॉडवाटे जमिनीत उतरली. ज्या दोन टोकांमध्ये तार हवी होती, त्यांच्यामधली तार झाला होता तो सेट.

मला समजायला किती वेळ लागला असेल? झाकण उघडलं आणि समजलं.

मग मी झाकण बंद केलं. सावकाश. एकेक स्क्रू बसवला. आणि म्हणाले, "केबल राहिली असावी."

"न्हाय गं," तात्या म्हणाले. "बरणीत—"

"तात्या, रोजची सवय असली की माणसाला वाटतं, केलं. एखाद्या दिवशी राहून जातं."

सून बाळाला घेऊन उभी होती. ती सासऱ्यांकडे बघत होती, आणि ती कशी बघत होती ते मी इथे लिहिणार नाही. तात्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. उलटे केले, सुलटे केले. जणू हात सांगतील.

"आसंल," ते म्हणाले. "आसंल बाबा. वय झालं."

सेट मी बरोबर घेऊन आले. दुरुस्त होतो का बघते, असं सांगून. खरं कारण – दुसऱ्या कोणी तो उघडू नये.

त्यानंतरच्या रविवारी तात्या एका मित्राच्या सेटवरून सकाळच्या आमच्या बैठकीत आले. आम्ही सगळे ऐकत होतो, पार सोलापूरपासून साताऱ्यापर्यंतचे. खणखणीत आवाजात, रिपोर्ट द्यावा तसं त्यांनी सांगितलं – माझ्या हातून केबल काढायची राहिली, घराला आग लागली, नात वाचली, तुम्ही माझ्यासारखं करू नका. मग एकेकानं त्यांचं कौतुक केलं. चूक कबूल करायला छाती लागते, म्हणाले. माझी पाळी आली तेव्हा मीही तेच म्हणाले. बटण दाबून, स्पष्ट आवाजात.

तात्यांनी पुन्हा सेट मांडला नाही. मोर्सची टिकटिक करायची पितळी 'की' मला देऊन टाकली. आणि मग बाकीचं सुरू झालं. बाहेर पडले की कोपऱ्यावरून परत येऊन कुलूप ओढून बघायचे. गॅस बंद केला का, सुनेला विचारायचे. तिनं हो म्हटलं तरी आत जाऊन नॉबला हात लावायचे. मुलानं मोपेडची किल्ली काढून घेतली तेव्हा वाद घातला नाही. "बराबर हाय," म्हणाले. विसरत काहीच नव्हते हो. मी पाहत होते ना. फक्त स्वतःवरचा विश्वास गेला होता. तो मी स्क्रू बसवता बसवता काढून घेतला होता.

हे इथे संपलं असतं तरी पुरे होतं. पण मी पुढे गेले. नव्या मुलांसमोर मी हॅम रेडिओविषयी भाषणं देते. त्यात एक गोष्ट सांगू लागले – एक अतिशय अनुभवी ऑपरेटर, आयुष्यभर केबल काढत आला, आणि एक दिवस विसरला. नाव घेत नव्हते. गोष्ट फार चालायची. पोरं गप्प होऊन ऐकायची.

इंदापूरच्या एका कॉलेजात असंच भाषण होतं. मी गोष्टीपाशी आले आणि समोर पाहिलं, तर मागच्या रांगेत तात्या. कोणीतरी कौतुकानं बोलावून आणलं होतं. आता थांबायला हवं होतं, नाही का? मी थांबले नाही. थांबले असते तर कोणी विचारलं असतं, का थांबलात. गोष्ट पूर्ण केली. तात्या उठले, हात वर केला आणि म्हणाले, "त्यो इसरभोळा मीच बरं का. बघून घ्या." सगळं सभागृह हसलं, आणि मग टाळ्या.

टाळ्या थांबल्यावर तिथल्या भौतिकशास्त्राच्या मॅडम उभ्या राहिल्या. शांत बाई. त्यांनी विचारलं, केबल लागलेली असेल, तर आधी अँटेनाचं सॉकेट जळायला हवं. ते जळालं होतं का?

मला कोणीही विचारलं नव्हतं इतक्या वर्षांत. तात्यांनीही नाही. सभागृहात पंखे फिरत होते. तात्या माझ्याकडे बघत होते – संशयानं नाही, उत्सुकतेनं. मान जरा पुढे. हे त्यांनाही ऐकायचं होतं. त्या क्षणी फक्त 'नाही' म्हणायचं होतं. खरं बोलायला दोनच अक्षरं पुरणार होती.

"हो," मी म्हणाले. "काळं ठिक्कर झालं होतं."

नंतर एसटी स्टँडवर त्यांना सोडायला गेले. उसाच्या रसाच्या गाड्यापाशी उभे होतो. तात्या म्हणाले, "बरं झालं त्या बाईनं इचारलं. माज्या मनात कुटंतरी हुतंच – न्हाय, मी काढली हुती. सकाळी उटलं की तेच. पर सॉकेट जळालं हुतं म्हनल्यावर मिटलं. आता न्हाय तरास व्हायचा." आणि बावड्याच्या गाडीत चढले. खिडकीतून हात हलवला.

त्यानंतरच्या आठवड्यात मी तार घेऊन बावड्याला गेले. पुरेशी तार. स्वतः कुदळ मारून घराच्या मागून चर खणला. घरात ना रेडिओ ना अँटेना. तात्या खुर्ची टाकून बसले. "कालपरवा भाषान ठोकलंस आन आज खड्डं खणतीस व्हय?" मग थोड्या वेळानं, "पर हे तर तू तवाच जोडलं हुतंस ना?"

कुदळ हातात होती. आजूबाजूला कोणी नव्हतं. ना मुलगा, ना गल्ली, ना सभागृह. एवढी सोपी जागा पुन्हा मिळणार नव्हती.

"तार खराब झाली असेल तात्या. बदलते."

जुनी तार निघालीच नाही हे त्यांना दिसलं का? चर मोकळा होता, ते समोर बसले होते, आणि आयुष्यभर तारांमध्ये वावरलेला माणूस. मला माहीत नाही. त्यांनी डबा भरून आणला आणि रॉडच्या खड्ड्यात पाणी घातलं. "चांगलं जोड," म्हणाले.

तात्या गेल्या हिवाळ्यात गेले. त्यांच्या पुण्यानुमोदनाला आमच्यातले बरेच आले होते. वंदना झाल्यावर एकेक जण त्यांच्याविषयी बोलला. एकानं सांगितलं – मोठी माणसं चुका झाकतात, तात्यांनी आपली चूक सगळ्यांसमोर मांडली, त्यांच्यामुळे आमची घरं वाचली. समोर फोटो, मेणबत्त्या, पांढरी फुलं. त्यांची नात पहिल्या रांगेत बसून ऐकत होती – आजोबांची चूक. मला बोलायला सांगितलं. मी म्हटलं, मला बोलवत नाही. लोकांना वाटलं, दुःखानं.

सेट माझ्याकडे आहे. दुरुस्त करून कधीच झाला. जळालेले भाग बदलले, चालतो छान. अँटेनाचं सॉकेट मूळचंच आहे, ते बदलावं लागलं नाही. परत का नेऊन दिला नाही, हे आता तुम्हाला सांगायला नको.

हे बावड्याच्या घरी वाचलं जाईल. सकाळच्या बैठकीतले लोकही वाचतील आणि तात्या म्हणजे कोण ते ओळखतील. ओळखावं. त्यांच्यासाठी, आणि त्या मुलीसाठी, नीट लिहून ठेवते.

त्या दिवशी तात्यांनी केबल काढली होती. बरणीत ठेवली होती. तार मी जोडली नव्हती.